४७ लाखांना परत आलेली तलवार आणि वसईच्या माळ्यावरची कट्यार : जुनी शस्त्रं नफ्यासाठी विकणं चुकीचं आहे का?

समजा, वसईतल्या एखाद्या वाडीतलं जुनं घर पाडून तिथे बिल्डिंग उभी राहणार आहे. माळा रिकामा करताना तांब्याचे हंडे निघतात, मोडका पाळणा निघतो आणि गोणपाटात गुंडाळलेली एक गंजलेली कट्यार निघते. ती कुणाची, हे घरात फक्त आजीला थोडंफार आठवतं. पण तिला कुणी विचारत नाही. भंगारवाला ती किलोच्या भावाने उचलतो. तिथून ती मुंबईच्या चोरबाजारात जाते, मग एका संग्राहकाकडे, मग दुसऱ्याकडे. आणि एक दिवस इन्स्टाग्रामवर दिसते : 'दुर्मिळ मराठाकालीन कट्यार, किमतीसाठी मेसेज करा.'

प्रत्येक हातात किंमत वाढत गेली आणि माहिती कमी होत गेली. शेवटच्या माणसाने भरपूर पैसे कमावले. त्याचं काही चुकलं का?

हा प्रसंग काल्पनिक आहे, पण असाच प्रश्न २०२५ मध्ये खुद्द महाराष्ट्र सरकारसमोर उभा राहिला होता.

रघुजीराजांची तलवार

एप्रिल २०२५ च्या अखेरीस बातमी आली की, नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक पहिले रघुजी भोसले यांची तलवार लंडनमध्ये सदबीज या लिलाव कंपनीकडे विक्रीला आहे. लिलाव होता २९ एप्रिलला. कायदेशीर लढाईला किंवा सरकारी पातळीवरच्या बोलण्यांना वेळच नव्हता. राज्य सरकारने मध्यस्थामार्फत लिलावात भाग घेतला आणि तलवार मिळवली. वाहतूक, हाताळणी आणि विमा धरून खर्च आला ४७ लाख १५ हजार रुपये. सांस्कृतिक कार्यमंत्री आशिष शेलार यांनी ऑगस्टमध्ये लंडनला जाऊन ती ताब्यात घेतली आणि १८ ऑगस्टला ती मुंबईत आली.

ही तलवार नागपूरहून लंडनला कशी गेली? याची कागदोपत्री साखळी उपलब्ध नाही. १८१७ मध्ये सीताबर्डीच्या लढाईत इंग्रजांनी भोसल्यांचा पराभव केला. त्यानंतर झालेल्या लुटीत किंवा इंग्रजांना मिळालेल्या भेटवस्तूंमध्ये ती गेली असावी, असा अंदाज आहे.

तलवार आली याचा आनंद सगळ्यांना झाला. पण त्याचबरोबर एक खटकणारी गोष्टही होती. ही वस्तू खरोखर लुटीतली असेल, तर जिथून ती गेली त्याच लोकांनी ती पैसे मोजून विकत घेतली. नफा मात्र विकणाऱ्याला झाला.

पण तलवार म्हणजे मुळात व्यापाराचीच वस्तू

या तलवारीच्या पात्यावर देवनागरीत रघुजी भोसल्यांचं नाव आहे आणि शेवटी एक शब्द आहे : 'फिरंग'. फिरंग म्हणजे युरोपियन पातं आणि इथली मूठ असलेली तलवार. युरोपातली चांगली पाती पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांमधून इथे यायची. ती आणणाऱ्यांमध्ये पोर्तुगीज आघाडीवर होते. इथले कारागीर त्यावर मूठ चढवायचे, सोन्याचं नक्षीकाम करायचे. १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात असलेली वसई त्याच किनाऱ्यावर येते.

म्हणजे पाती तेव्हाही विकली जात होती, मूठ बदलून पुन्हा विकली जात होती आणि त्यात नफाही होत होता. त्यामुळे 'जुनी शस्त्रं विकणं म्हणजेच पाप' असं म्हणणं इतिहासालाच धरून नाही.

दुसरी बाजूही आहे. पुष्कळ जुन्या वस्तू संग्राहकांमुळे वाचल्या आहेत. भंगारात वितळणारी कट्यार कुणी ओळखली, घेतली, गंजापासून वाचवली, तर त्याच्या नजरेचे आणि कष्टाचे पैसे त्याला मिळाले तर बिघडलं कुठे? त्याने धोकाही पत्करलेला असतो, कारण बाजारात नकली माल भरपूर आहे. उदयपूरकडे कोफ्तगरीचं, म्हणजे पोलादावर सोन्याचांदीची तार बसवण्याचं काम आजही होतं. त्यात गैर काहीच नाही. पण अशाच नव्या पात्याला मुद्दाम गंज चढवून 'शिवकालीन' म्हणून विकलं, की ती सरळ फसवणूक होते.

मग अडचण नेमकी कुठे आहे?

ती तीन ठिकाणी आहे.

एक, वस्तू हातात कशी आली? आजीच्या घरातली कट्यार आणि किल्ल्यात खणून काढलेली कट्यार दिसायला सारखीच असते. पण पहिली घराची आहे, दुसरी चोरीची.

दोन, विकत घेताना समोरच्याला काय सांगितलं? कट्यारीची खरी किंमत माहीत असूनही 'हे लोखंड आहे, पाचशे देतो' असं म्हटलं, तर तो व्यवहार कागदावर कदाचित टिकेल. पण त्यात समोरच्याच्या अज्ञानाचीच कमाई आहे. आपल्याकडे जुन्या घरांमधल्या वस्तूंचं बहुतेक वेळा हेच होतं. पहिल्या विक्रेत्याला सगळ्यात कमी मिळतं आणि शेवटच्याला सगळ्यात जास्त.

तीन, विकताना तिचा इतिहास सोबत दिला का? कोणती वस्तू कुठून निघाली, कुणाकुणाकडे होती, याची नोंद म्हणजे तिची वंशावळच. ती तुटली की नंतर कितीही मोठं म्युझियम ती जोडू शकत नाही. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून जुलै २०२४ मध्ये साताऱ्याला आलेल्या वाघनखांचं उदाहरण घ्या. ती जेम्स ग्रँट डफच्या वंशजांकडून म्युझियमला मिळाली. पण अफजलखानाच्या वेळी शिवाजी महाराजांनी वापरलेली वाघनखं हीच का, हे खात्रीने सांगता येत नाही, असं म्युझियमनेच स्पष्ट केलं आहे. मधल्या काळातली नोंदच नाही, त्यामुळे वाद कायम राहतो.

म्हणूनच चोरून किंवा गुपचूप झालेल्या विक्रीत वस्तू वाचली तरी तिची गोष्ट मरते. आणि ते नुकसान फक्त मालकाचं नसतं, गावाचं असतं.

नालासोपारा आणि पिप्रहवा : एकाच प्रकारच्या दोन वस्तू, दोन नशिबं

हे शस्त्रांपुरतंच आहे असं नाही. नोंद आणि मालकी यांनी काय फरक पडतो, याचं सगळ्यात चांगलं उदाहरण वसई-विरारमध्येच आहे.

१८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी नालासोपाऱ्यात 'बुरूड राजाचा कोट' म्हणून ओळखला जाणारा टेकाड खणला. तो बौद्ध स्तूप निघाला. आत दगडी पेटी, एकात एक ठेवलेले करंडक, सोन्याची फुलं, भिक्षापात्राचे मानले गेलेले तुकडे आणि बुद्धमूर्ती होत्या. या सगळ्याची तपशीलवार नोंद झाली. हा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेला आणि आजही तिथेच आहे.

त्यानंतर १६ वर्षांनी, १८९८ मध्ये, उत्तर प्रदेशातल्या पिप्रहवा इथे विल्यम पेपे या इंग्रज जमीनदाराने असाच एक स्तूप खणला. तिथल्या रत्नांचा काही भाग इंग्रज सरकारने त्याच्याकडेच राहू दिला. पुढे २०२५ मध्ये त्याच्या वंशजांनी तो हाँगकाँगमध्ये लिलावाला काढला. ७ मे ही तारीखही ठरली होती. भारत सरकारने कायदेशीर नोटीस पाठवली, जगभरातल्या बौद्धांनी विरोध केला आणि लिलाव थांबला. शेवटी गोदरेज समूहाच्या खरेदीतून ती रत्नं जुलैअखेरीस भारतात परतली.

म्हणजे इथेही शेवट खरेदीनेच झाला. अशा वस्तू परत येतात याचा आनंद मोठा आहे. पण दर वेळी मोठी रक्कम देऊन वस्तू परत आणली, की पुढच्या विक्रेत्याला एक इशारा मिळतो : भारतीयांच्या भावना जितक्या तीव्र, तितकी बोली वर. २०२३ मध्ये टिपू सुलतानाची तलवार लंडनमध्ये तब्बल १ कोटी ४० लाख पौंडांना विकली गेली, ती याच बाजारात.

लुटीचा हिशेब एकतर्फी नाही

इथे वसईकरांना एक अवघड गोष्टही मान्य करावी लागते. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. त्यानंतर इथल्या चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून मराठी मुलखात नेल्या गेल्या. वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावर १७०७ सालची अशी एक घंटा आहे. भीमाशंकरला आणि नाशिकच्या नारोशंकर मंदिरातही अशा घंटा आहेत.

मग त्या वसईच्या ख्रिस्ती समाजाला परत द्यायच्या का? याचं सोपं उत्तर नाही. पण एक फरक लक्षात घेण्यासारखा आहे. या घंटा कुणी लपवल्या नाहीत, विकल्या नाहीत. त्या सगळ्यांसमोर टांगलेल्या आहेत आणि त्या वसईहून आल्या, हे सगळ्यांना ठाऊक आहे. वसईचा माणूस आजही तिथे जाऊन ती घंटा पाहू शकतो. कुणाच्या तिजोरीत गेलेल्या कट्यारीबद्दल असं म्हणता येत नाही.

कायदा काय सांगतो?

भारतात १९७२ चा पुरावस्तू आणि कलानिधी कायदा आहे. थोडक्यात सांगायचं तर :

- १०० वर्षांहून जुनी अशी वस्तू साधारणपणे पुरावस्तू ठरते. घरात असणं हा गुन्हा नाही.
- पुरावस्तूंचा विक्रीव्यवसाय करायचा तर परवाना लागतो. इन्स्टाग्रामवर दुकान मांडलं म्हणून यातून सुटका नाही.
- खासगी व्यक्तीला पुरावस्तू देशाबाहेर पाठवता येत नाही. पाठवली तर किमान ६ महिने ते ३ वर्षं कैद होऊ शकते.
- जमिनीत पुरलेलं काही सापडलं, तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.
- वसईचा किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. तिथे परवानगीशिवाय खणता येत नाही.
- शस्त्र कायदा वेगळा. पोलिसांचा मनाई आदेश लागू असताना तलवार किंवा कट्यार घेऊन रस्त्यावर रील बनवली, तर 'जुनी आहे हो' म्हणून सुटता येत नाही.

मग लंडनमधला लिलाव बेकायदा का ठरत नाही? सांस्कृतिक वस्तूंच्या चोरट्या व्यापाराविरुद्ध युनेस्कोचा १९७० चा करार आहे आणि भारत त्यात १९७७ पासून आहे. पण हा करार मागच्या काळाला लागू होत नाही. १८१७ ची लूट त्याच्या कक्षेबाहेर राहते. तिथे कायदा थांबतो आणि प्रश्न फक्त नीतीचा उरतो.

माळ्यावर कट्यार सापडली तर?

पहिली गोष्ट म्हणजे तिला ब्रासो आणि सँडपेपर लावू नका. घासण्यात पात्यावरची अक्षरं आणि नक्षी जाते. सगळ्या बाजूंनी फोटो काढा, लांबी मोजा. घर कोणतं, कोणत्या माळ्यावर सापडली, घरातले लोक तिच्याबद्दल काय सांगतात, हे लिहून ठेवा. राज्याच्या पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे किंवा जाणकार संग्रहालयाकडे दाखवा.

त्यानंतरही विकायची असेल तर तो मालकाचा हक्क आहे. फक्त लिहिलेला कागद तिच्यासोबत द्या आणि घेणाऱ्यानेही तो मागावा. जो व्यापारी 'कुठून आली' या प्रश्नाला उत्तर देतो, त्याच्या नफ्यावर कुणी बोट ठेवणार नाही. जो 'ते कशाला विचारता' म्हणतो, त्याच्याकडून घेऊ नये.

वसई-विरारमध्ये जुनी घरं भराभर पडतायत आणि माळे रिकामे होतायत. त्यातल्या कुठल्या वस्तूची गोष्ट उरेल आणि कुठली भंगाराच्या टेम्पोतून जाईल, हे बरंचसं त्या दिवशी आजीला कुणी विचारलं का, यावर ठरणार आहे.