उतरून घेणें

गेल्या दिवाळीपूर्वीं घोटावडे येथील आमच्या घराचा माळा झाडावयास काढला, तेव्हां एका पत्र्याच्या पेटींत दोन प्रकारचा ऐवज हातीं लागला. वर तांबड्या फडक्यांत बांधलेली, पणजोबांच्या हातची गुरुचरित्राची पोथी. आणि खालीं नऊ व्हिडिओ कॅसेटी. पोथी शंभर वर्षांहून जुनी असूनहि तिचें अक्षर न् अक्षर लागत होतें. कॅसेटींना चाळीस वर्षेंहि झालेलीं नव्हतीं; पण मुळशीच्या पावसाळ्यांची ओल लागून त्यांतील चारांच्या फितीवर पांढरी बुरशी चढली होती. आपल्या भाषेंत 'उतरून घेणें' हा प्रयोग पोथीलाहि लागतो आणि दूरदर्शनवरील कार्यक्रमालाहि. मग एक उतरलेलें टिकलें व दुसरें कां नासलें, हा विचार त्या दिवसापासून मनांतून जात नाहीं.

मुंबईचें दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें व पुढल्या वर्षीं सिंहगडावरील मनोऱ्याच्या द्वारें तें पुण्याच्या परिसरांत दिसूं लागलें. १९८८ सालीं त्या केंद्राच्या एका कार्यक्रमांत आमच्या आत्याबाईंनीं जात्यावरच्या ओव्या म्हटल्या होत्या. अवघीं आठ मिनिटें! काकांनीं तीं कॅसेटवर उतरून घेतलीं, वर चिठ्ठी डकवली आणि घरांतील सर्वांचा असा समज झाला कीं, आतां काळजी नाहीं. आत्याबाई जाऊन आज वीस वर्षें होत आलीं. त्यांचा आवाज त्या एका फितीवांचून दुसरीकडे कोठेंहि नाहीं.

नातवानें हें काम अंगावर घेतलें. प्रथम अडचण आली ती यंत्राची. व्हिडिओ कॅसेटींचीं यंत्रें बनविणारा जगांतील शेवटचा कारखानदार, जपानची फुनाई कंपनी, हिनेंहि २०१६ सालीं तें काम थांबविलें. अखेर एका स्नेह्यांकडून जुनें यंत्र मिळालें. त्याच्या पाठीमागून तीन तारा निघतात. पिवळींतून चित्र व पांढरी आणि तांबडी यांतून ध्वनि जातो. त्या एका लहानशा डबींत खोंवून ती डबी संगणकास जोडावयाची, म्हणजे सेकंदास पंचवीस या वेगानें येणारीं चित्रें अंकांत रूपांतरित होऊन संगणकांत सांठतात. यांत घाई चालत नाहीं. तासाच्या फितीस तासच लागतो. बुरशी चढलेली फीत मात्र स्वच्छ केल्यावांचून यंत्रांत घालूं नये, कारण तिची घाण यंत्रास लागून चांगल्या फितीहि बिघडतात. साधारणपणें एका तासास दोन गिगाबाइट जागा लागते व ४.७ गिगाबाइटच्या डीव्हीडी तबकडीवर दोन तासांचा मजकूर नीट मावतो.

आत्याबाईंची फीत सुदैवानें कोरडी होती. आम्ही सर्व मंडळी संगणकापुढें बसलों. आत्याबाई दिसल्या, जात्याचा खुंटा धरलेला हात दिसला. दोन ओव्या झाल्या. तिसरीस आरंभ होतो न होतो तोंच पडदा थरथरला आणि क्रिकेटचें मैदान उमटलें! तो १९९६ सालच्या विश्वचषकांतील बंगळूरचा भारत-पाकिस्तान सामना होता. आणि तो त्या फितीवर उतरवून घेणारा अन्य कोणी नसून मीच होतों. कॅसेटच्या कडेस प्लॅस्टिकची एक पट्टी असते. ती मोडून टाकली म्हणजे त्या फितीवर पुन्हा मुद्रण होत नाहीं. ती पट्टी कोणीं मोडली नव्हती व चिठ्ठी वाचण्याचे कष्ट मीं घेतले नव्हते. त्या दिवशीं मला कोणी एका शब्दानेंहि बोललें नाहीं, हीच मोठी शिक्षा झाली.

थोरामोठ्यांच्या हातूनहि असें घडतें. १९६९ सालीं मनुष्यानें चंद्रावर प्रथम पाऊल ठेविलें, त्या दृश्याच्या मूळ फिती बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या, असें अमेरिकेच्या नासा संस्थेनेंच २००९ सालीं जाहीर केलें. तें दृश्य आज आपणांस दिसतें, याचें कारण निरनिराळ्या ठिकाणीं त्याच्या प्रती राहिल्या होत्या.

येथेंच पोथीच्या प्रश्नाचें उत्तर मिळतें. ग्रंथ टिकले ते कागदाच्या बळावर नव्हेत. पिढीपिढीनें ते पुन्हा उतरून काढले म्हणून टिकले. वेदपाठकांनीं तर तीच संहिता पद, क्रम, जटा, घन अशा अनेक रीतींनीं म्हणून एका पाठाची चूक दुसऱ्यानें पकडली. तबकडीसहि हाच न्याय लागू आहे. घरीं मुद्रित होणाऱ्या तबकडींत रंगद्रव्याचा एक पातळ थर असतो व लेसर किरण त्यावर सूक्ष्म खुणा करतो. ऊन आणि उष्णता यांनीं तो थर बिघडतो. शिवाय नव्या संगणकांतून तबकडीचें खणच नाहींसे होत आहेत. म्हणून तबकडी केली, काम संपलें, असें मानूं नये. एक प्रत तबकडीवर, दुसरी संगणकाबाहेरच्या डिस्कवर आणि तिसरी दुसऱ्या गांवच्या आप्तांकडे ठेवावी. वर्षांतून एकदां ती लावून पाहावी आणि दर कांहीं वर्षांनीं नव्या साधनावर उतरावी. हल्लींच्या कित्येक सेट-टॉप पेट्यांतील मुद्रण त्याच पेटीवांचून अन्यत्र उघडत नाहीं, हेंहि ध्यानांत असूं द्यावें. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणें स्वतःच्या खाजगी उपयोगासाठीं कार्यक्रम उतरून घेण्यास मुभा आहे, विक्रीस नाहीं.

हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनीं मुळशी आणि इतर भागांतील बायांच्या तोंडून ओव्या उतरून घेतल्या व पुढें त्यांचा लाखाहून मोठा संग्रह झाला. आत्याबाईंच्या उरलेल्या ओव्यांचे शब्द कदाचित् त्यांत सांपडतील. आवाज मात्र सांपडावयाचा नाहीं. उरलेल्या तीन मिनिटांच्या तीन प्रती आम्हीं केल्या आहेत. आत्याबाईंच्या सूनबाई आज सत्तरीच्या पुढें आहेत. तिसरी ओवी त्यांस मुखोद्गत निघाली. परवां नातवानें ती त्यांच्या आवाजांत संगणकावर उतरून घेतली.

वाचकांस विनंति इतकीच कीं, पुढचा पावसाळा लागण्यापूर्वीं आपापला माळा एकदां पाहावा. आणि चिठ्ठ्या वाचाव्या.