बँकेच्या लिलावात घर घेतलं, पण ताबा कुणाकडे?

डोंबिवलीतला 60 लाखांचा फ्लॅट बँकेच्या लिलावात 45 लाखांना मिळाला, असं समजा. पैसे भरले, विक्री प्रमाणपत्र हातात आलं. दार वाजवलं, तर आत जुना मालक, त्याचे आईवडील आणि शाळेत जाणारी दोन मुलं. "आमची केस चालू आहे," एवढंच उत्तर मिळतं. इकडे खरेदीदाराचा गृहकर्जाचा हप्ता सुरू झालेला असतो आणि राहत्या घराचं भाडंही सुटलेलं नसतं.

लिलावातलं घर स्वस्त का असतं, याचं बरंचसं उत्तर या दारात आहे.

सांकेतिक ताबा म्हणजे काय?

2002 च्या सरफेसी कायद्यामुळे बँकांना दिवाणी दावा न लावता तारण मालमत्ता विकता येते. कर्ज थकून एनपीए झालं की बँक 60 दिवसांची नोटीस देते. तरीही पैसे आले नाहीत, तर मालमत्तेचा ताबा घेते. मात्र हा ताबा दोन प्रकारचा असतो. दारावर नोटीस चिकटवली आणि वर्तमानपत्रांत छापली की झाला सांकेतिक ताबा. घर रिकामं करून कुलूप लावलं, तर प्रत्यक्ष ताबा. लिलाव दोन्ही प्रकारच्या घरांचा होतो.

सांकेतिक ताब्यातलं घर रिकामं करून घ्यायचं, तर कलम 14 नुसार जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. तो बँकेने करायचा असतो, खरेदीदाराने नाही. आदेशासाठी कायद्यात 30 दिवसांची, फार तर 60 दिवसांची मुदत आहे, पण प्रत्यक्षात महिनोन्‌महिने जातात. आदेशानंतर पोलीस बंदोबस्ताची तारीख मिळवणं हे वेगळंच काम. पैसे वसूल झालेल्या बँकेला यात किती घाई असेल, याचा अंदाज बांधणं कठीण नाही.

जुना मालक घर परत मिळवू शकतो का?

पूर्वी विक्री पूर्ण होईपर्यंत कर्जदाराला पैसे भरून मालमत्ता सोडवता येत असे. 2016 मध्ये कायदा बदलला. सप्टेंबर 2023 मध्ये सेलिर एलएलपी विरुद्ध बाफना मोटर्स या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की, लिलावाची नोटीस प्रसिद्ध झाली की हा हक्क संपतो. या प्रकरणात सेलिरने 105.05 कोटींची बोली जिंकली होती, तरी मुंबई उच्च न्यायालयाने कर्जदाराला 129 कोटी भरून मालमत्ता सोडवू दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. तरीही वाद मिटला नाही. अवमान याचिका दाखल झाली आणि तिचा निकाल डिसेंबर 2024 मध्ये लागला. कोट्यवधींची बोली लावणाऱ्या कंपनीची ही कथा, तर पगारदार माणसाचं काय?

दुसरी वाट अजून खुली आहे. बँकेच्या कारवाईविरुद्ध कर्जदार 45 दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीत जाऊ शकतो. नोटीस नीट बजावली नाही, मूल्यांकन चुकलं, लिलावाआधीची मुदत पाळली नाही, असे मुद्दे तिथे मांडले जातात. चूक बँकेची ठरली तरी रद्द होतो तो खरेदीदाराचा व्यवहार. रक्कम परत मिळाली, तरी मधल्या काळात भरलेल्या व्याजासाठी पुन्हा भांडावं लागू शकतं.

घरात भाडेकरू असेल तर गुंता वाढतो. विशाल कलसारिया प्रकरणात 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण असलेल्या भाडेकरूला सरफेसीच्या आधारे थेट बाहेर काढता येणार नाही, असं म्हटलं. 2019 च्या एका निकालाने याला मर्यादा घातल्या आणि भाडेकराराच्या नोंदणीला महत्त्व दिलं.

जुनी थकबाकी कुणाच्या माथी?

लिलाव 'जशी आहे, जिथे आहे' या तत्त्वावर होतो. सोसायटीचा मेंटेनन्स, मालमत्ता कर, वीजबिल बहुतेक वेळा खरेदीदाराच्याच गळ्यात येतं. के. सी. निनान प्रकरणात मे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की, वीज नियमांत तशी तरतूद असेल तर आधीच्या मालकाची थकबाकी भरेपर्यंत नव्या मालकाला वीजजोडणी नाकारता येते. सोसायटीही थकबाकी भरल्याशिवाय शेअर सर्टिफिकेटवर नाव चढवायला सहसा तयार नसते. विक्री प्रमाणपत्रात बोज्यांचा उल्लेख असतो, पण बँकेला माहीत असलेल्या बोज्यांपुरताच.

मग माघार घ्यावी का? तीही महाग पडते. बोलीच्या 25 टक्के रक्कम त्याच दिवशी किंवा पुढच्या कामकाजाच्या दिवशी भरावी लागते आणि उरलेली विक्री कायम झाल्यापासून 15 दिवसांत. ही मुदत लेखी संमतीने जास्तीत जास्त तीन महिन्यांपर्यंत वाढते. गृहकर्ज वेळेत मंजूर झालं नाही, तर 45 लाखांच्या फ्लॅटवरचे सव्वाअकरा लाख जप्त होऊ शकतात. ही जप्ती वैध असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2024 मध्ये सांगितलं आहे.

त्यामुळे जाहिरातीत राखीव किमतीच्या आधी ताब्याचा प्रकार वाचायला हवा. कर्जदाराच्या नावाने डीआरटीच्या संकेतस्थळावर प्रलंबित खटले शोधता येतात. सोसायटीच्या कार्यालयात थकबाकीचा आकडा विचारता येतो, आणि त्या घरात सध्या कोण राहतं, हे वॉचमनलाही माहीत असतं.