'पोहता आलं नाही तरी चालेल', पण हृदयाचं काय?

कोचीहून सुटलेले जहाज सकाळी कल्पेनीच्या बाहेर खोल पाण्यात थांबते. बेटाभोवती प्रवाळाचे कडे असल्याने मोठे जहाज आत जाऊ शकत नाही, म्हणून प्रवाशांना छोट्या होड्यांतून किनाऱ्यावर नेले जाते. शहाळी पिऊन होतात आणि मग लाइफ जॅकेट, मास्क आणि स्नॉर्केलच्या नळ्या यांचा ढीग समोर येतो. लक्षद्वीपच्या 'समुद्रम' या सरकारी जहाज-सहलीत कवरत्ती, कल्पेनी आणि मिनिकॉय या बेटांवर दिवस घालवायचा आणि रात्री जहाजावर परतायचे, असा क्रम असतो. त्यात स्नॉर्केलिंग हा सगळ्यांत हवाहवासा भाग. जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांची तिथल्या पाण्यातली छायाचित्रे प्रसिद्ध झाल्यापासून लक्षद्वीपचे नाव घरोघरी पोहोचले. अंदमानचा एलिफंट बीच आणि आपले मालवण-तारकर्ली मराठी कुटुंबांच्या यादीत आधीपासून होतेच.

या सगळ्या ठिकाणी ऐकू येणारे एक वाक्य आहे: 'पोहता आलं नाही तरी चालेल.' वाक्य खोटे नाही. लाइफ जॅकेट माणसाला तरंगत ठेवते. पण ते अर्धेच वाक्य आहे. त्याने घरच्यांचे सगळे लक्ष पोहता न येणाऱ्या आठ वर्षांच्या नातवाकडे जाते आणि रक्तदाबाची गोळी घेणारे, तरुणपणी विहिरीत सूर मारणारे बासष्ट वर्षांचे आजोबा बिनघोर पुढे निघून जातात. स्नॉर्केलिंगमधले मृत्यू जिथे नीट नोंदवले आणि तपासले गेले, तिथे चित्र उलटे दिसते. जास्त धोका आजोबांना असतो.

हवाई बेटांचे उदाहरण घेऊ. तिथेही पर्यटक जहाजाने बेटामागून बेट पाहतात आणि प्रत्येक थांब्यावर स्नॉर्केलिंग करतात. समुद्रात बुडून मरण पावलेल्या पर्यटकांच्या नोंदींत तिथे सर्वाधिक वेळा दिसणारी कृती स्नॉर्केलिंग ही आहे. लाटांवर स्वार होणारे सर्फर त्या मानाने मागे आहेत. यात मध्यमवयीन आणि ज्येष्ठ पुरुषांचे प्रमाण मोठे, पाणी बहुधा शांत आणि जवळपास माणसे. शवविच्छेदनात कारण 'बुडून मृत्यू' असे लिहिले जाई आणि प्रश्न तिथेच संपे. मात्र चांगले पोहणारा माणूस शांत पाण्यात, आरडाओरड न करता कसा बुडतो, हे कुणाला नीट सांगता येत नव्हते.

हवाईच्या पर्यटन प्राधिकरणाने पैसे पुरवलेला एक अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. फुफ्फुसविकारतज्ज्ञ डॉ. फिलिप फोटी यांचा त्यात प्रमुख सहभाग होता. मरता मरता वाचलेल्या लोकांना विचारले, तेव्हा नाकातोंडात पाणी जाण्यापासून सुरुवात झाली, असे सांगणारे थोडेच निघाले. बहुतेकांना आधी अचानक दम लागला, मग हातपाय गळाले, मग आता आपण वाचत नाही अशी भीती वाटली. कुणाला ओरडायचेही त्राण उरले नव्हते. अभ्यासगटाचे अनुमान असे, की यांतल्या अनेकांच्या फुफ्फुसांत पाणी शिरले ते समुद्राचे नव्हते, ते त्यांच्याच रक्तवाहिन्यांतून झिरपलेले होते. वैद्यकात याला पल्मनरी एडिमा म्हणतात. पाण्यात उतरल्याने असे होऊ शकते, ही गोष्ट तशी जुनी आहे. ब्रिटिश हृदयरोगतज्ज्ञ पीटर विल्म्सहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्येच 'द लॅन्सेट'मध्ये पाणबुडे आणि पोहणारे यांच्याबाबत ती मांडली होती. त्यांच्या रुग्णांचे पाणी थंड होते. हवाईच्या अभ्यासाने हा संशय कोमट, निळ्या, पर्यटकांच्या पाण्यात आणून ठेवला.

असे का होते, हे समजून घेण्यासारखे आहे. माणूस मानेपर्यंत पाण्यात गेला की पाण्याच्या दाबाने पायांतले आणि पोटातले सुमारे ७०० मिलीलिटर रक्त छातीकडे ढकलले जाते. निरोगी हृदय हा जादा भार सहज पेलते. (पोहायला उतरल्यावर थोड्याच वेळात लघवीला लागते, तेही शरीराने या जादा रक्ताची घेतलेली दखल म्हणूनच.) पण वर्षानुवर्षांच्या रक्तदाबाने हृदयाचे स्नायू जाड आणि ताठ झालेले असतील, तर ते पुरेसे सैलावत नाहीत. मग रक्त मागे तुंबते आणि फुफ्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्यांवर ताण येतो. अशा माणसाला जमिनीवर काहीच त्रास नसतो. रोज चार किलोमीटर चालणारा, जिना चढणारा, 'मला काही होत नाही' म्हणणारा तो हाच.

त्यात नळीची भर पडते. साधी स्नॉर्केल ३५ सेंटिमीटर लांब आणि आतून दोन सेंटिमीटर रुंद धरली, तर तिच्यात सुमारे ११० मिलीलिटर हवा मावते. आपण शांतपणे घेतो तो श्वास साधारण ५०० मिलीलिटरचा. त्यातले दीडशे श्वासनलिकेतच अडकतात, रक्तापर्यंत पोहोचत नाहीत. नळीमुळे आणखी ११० वाया जातात. श्वास संथ आणि खोल असेल तर हे चालून जाते. पण घाबरून कुणी ३०० मिलीलिटरचे उथळ, भराभर श्वास घेऊ लागला, तर प्रत्येक श्वासामागे ताजी हवा उरते जेमतेम ४० मिलीलिटर. म्हणजे छाती भात्यासारखी हलते आहे आणि प्राणवायू मात्र मिळत नाही.

दुसरी अडचण हवा आत ओढायला पडणाऱ्या जोराची. नळीची रुंदी निम्मी केली तर हवेला होणारा अडथळा दुप्पट होत नाही, तो सोळापट होतो. पाणी आत येऊ नये म्हणून वरच्या टोकाला झडप बसवलेल्या 'ड्राय' नळ्या सोयीच्या वाटतात, पण त्यांतल्या काहींत हवेची वाट एखाद्या ठिकाणी फारच चिंचोळी असते. अशा नळीतून जोरात श्वास ओढला की छातीत निर्वात ओढ तयार होते आणि तीच रक्तवाहिन्यांतले पाणी वायुकोशांत खेचते. ताठ हृदय, छातीत जमलेले रक्त, अडणारी नळी आणि त्यात प्रवाहाविरुद्ध पाय मारण्याचे श्रम, हे सगळे एकत्र आले की काही मिनिटे पुरतात. पूर्ण चेहरा झाकणाऱ्या मास्कची आणखी एक गैरसोय आहे. साधी नळी तोंडातून थुंकून टाकता येते, हा मास्क मात्र पट्टे ओढून उतरवावा लागतो आणि गुदमरलेल्या माणसाला ते जमतेच असे नाही.

आणि हे सगळे कुणाला दिसत नाही! एरवी पाण्यात कुणी तोंड खाली करून निश्चल पडलेला दिसला, तर काठावरची माणसे धावतात. स्नॉर्केलिंगमध्ये सगळेच तोंड खाली करून निश्चल पडलेले असतात. मासे पाहण्यात रमलेला आणि शुद्ध हरपलेला, हे दोघे वरून एकसारखेच दिसतात. लाइफ जॅकेट त्या माणसाला तरंगत ठेवते. पण सहलीत दिली जाणारी अनेक जॅकेट बेशुद्ध माणसाला उलटे करून त्याचा चेहरा पाण्याबाहेर आणू शकत नाहीत.

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्याने यातून काय शिकायचे ते शिकले आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये ग्रेट बॅरिअर रीफवरच्या मिकलमस के या ठिकाणी सत्तरी ओलांडलेल्या दोन फ्रेंच पर्यटकांचा एकाच सहलीत, थोड्याच वेळाच्या अंतराने मृत्यू झाला. त्यानंतर २०१८ मध्ये तिथली आचारसंहिता कडक झाली. वयस्कर किंवा हृदय-फुफ्फुसाचा आजार असलेल्यांना आधी विचारून वेगळे ओळखायचे, त्यांना वेगळ्या रंगाची नळी किंवा जॅकेट द्यायचे, जोडीदाराशिवाय सोडायचे नाही, तरंगण्याचे साधन सक्तीने द्यायचे आणि हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र तिथे हाताशी ठेवायचे. तिथे ज्येष्ठांवर बंदी घातलेली नाही, हे महत्त्वाचे. टेहळणी करणाऱ्याला कुणाकडे जास्त बघायचे, ते रंगावरून कळते, एवढेच.

आपल्याकडे समोर येतो तो बहुधा एक छापील कागद, 'स्वतःच्या जबाबदारीवर' असे लिहिलेला. होडी सुटायच्या घाईत त्यावर सही होते. खाली आजारांची यादी असली तरी ती वाचून 'आहे' म्हणणारा विरळाच, कारण तसे म्हटले तर पैसे भरूनही काठावर बसवतील, ही भीती. त्यात चूक लपवणाऱ्याची कमी आणि विचारण्याच्या पद्धतीची जास्त आहे. 'आजार असेल तर येऊ नका' असे विचारले, की उत्तर खोटेच येणार. 'रक्तदाबाची गोळी घेता का? मग हा केशरी पट्टा बांधा, आमचा माणूस तुमच्या सोबत राहील' असे विचारले, तर खरे सांगायला अडचण राहत नाही. एका रंगीत पट्ट्याला काही रुपये पडतात. पर्यटन विभागाने आणि बंदर अधिकाऱ्यांनी परवाना देताना जॅकेटांची संख्या मोजण्याबरोबर हा पट्टाही सक्तीचा करायला हवा.

आपल्या पद्धतीतली एक गोष्ट मात्र खरोखर चांगली आहे. मालवणला किंवा अंदमानात पाहुण्याला रिंग धरायला देऊन स्थानिक गाइड ओढत नेतो. पाहुण्याला पाय मारावे लागत नाहीत, श्रम वाचतात. ही पद्धत जपली पाहिजे. गर्दीच्या दिवसांत एका गाइडच्या रिंगेला चार-पाच जण लटकले, की तिचा उपयोग संपतो.

वयाची रेघही आपण साठीवर ओढून चालणार नाही. 'इंटरहार्ट' या ५२ देशांतल्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला हृदयविकाराचा झटका सरासरी ५३व्या वर्षी आलेला दिसला, इतरांना सुमारे ५९व्या वर्षी. म्हणजे आपल्याकडे केशरी पट्टा आजोबांइतकाच बाबांच्या हाताला हवा.

घरच्यांच्या हातात असलेल्या गोष्टी त्या मानाने सोप्या आहेत. जहाजावर सारखे लघवीला जावे लागते म्हणून रक्तदाबाची गोळी 'दोन दिवस नको' असे अनेक घरांत होते. ते होऊ देऊ नये. लांबचा विमानप्रवास करून आल्यावर काही दिवस थांबून मगच पाण्यात उतरावे, असा सल्ला हवाईच्या अभ्यासगटाने दिला आहे. त्यामागचे कारण अजून पुरते सिद्ध झालेले नाही, पण जहाज-सहलीत पहिले बेट सोडून दुसऱ्यावर उतरणे काही कठीण नाही. नळी तोंडात धरून आधी काठावर जोरात श्वास ओढून पाहावा. ओढताना अडल्यासारखे वाटले तर दुसरी मागावी. सुरुवात पाय टेकतील एवढ्याच पाण्यात करावी. तरुण मुलांचा धोका वेगळा आहे. ती भराभर श्वास घेऊन, मग दम रोखून खाली बुडी मारतात. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, श्वास घ्यावासा वाटत नाही आणि शुद्ध मात्र हरपू शकते. हा खेळ सरळ बंद करावा.

पाण्यात श्रमाच्या मानाने जास्त दम लागला, हातपाय जड झाले, तर थोडे थांबून बघू, असे म्हणत बसायचे नाही. नळी काढायची, पाठीवर वळायचे, हात वर करायचा आणि बाहेर यायचे. बाहेर आल्यावर अशा माणसाला आडवे झोपवू नये. टेकून बसवावे, प्राणवायू असेल तर लावावा आणि खोकल्यातून फेस किंवा गुलाबी थुंकी येत असेल तर तातडीने डॉक्टर गाठावा. लक्षद्वीपच्या छोट्या बेटांवरून गंभीर रुग्णाला हेलिकॉप्टरने हलवावे लागते. म्हणून होडीवर प्राणवायूचा सिलिंडर आहे का आणि तो भरलेला आहे का, हे जॅकेट अंगावर चढवण्याआधीच विचारून घ्यावे.