फेटे बांधून आपण काय पाहिले?

परगावी नोकरी करणाऱ्या मराठी माणसाच्या घरी अलीकडे एका नव्या समारंभाची भर पडली आहे. हळदीकुंकू, सत्यनारायण, कोजागरी आणि मुलांचे वाढदिवस हे पूर्वीपासून होतेच. आता एखादी 'थीम' ठरवून पाच-सहा बिऱ्हाडांनी एका घरी जमावे, त्या थीमला साजेसा पोशाख करावा, साजेसे पदार्थ खावेत आणि भिंतीवरच्या मोठ्या दूरदर्शन संचावर चित्रपट पाहावा, असा परिपाठ रूढ होत आहे. या परिपाठाला माझा विरोध नाही, हे आरंभीच सांगून टाकतो. चार स्नेही घरी यावेत आणि त्यांनी मिळून काही पाहावे यासारखे सुख बदलीच्या गावी दुसरे नाही. माझे भांडण आहे ते आपण या सुखाचे जे करून ठेवले आहे त्याच्याशी.

काही महिन्यांपूर्वी रायपूरच्या तात्यापाऱ्यात एका स्नेह्यांच्या घरी अशा बैठकीला जाण्याचा योग आला. स्नेही मोठ्या हुद्द्यावर आहेत, स्वभावाने उदार आहेत आणि पाहुणचारात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. म्हणून त्यांचे नाव सांगत नाही आणि त्यांच्यावर दोषही ठेवत नाही. जे त्यांच्या घरी घडले तेच गेल्या वर्षी माझ्याही घरी घडले होते. निमंत्रणावर 'थीम : मराठा वैभव' असे छापले होते. पुरुषांनी फेटे बांधले होते, स्त्रिया नऊवारी आणि नथ घालून आल्या होत्या, मुलांच्या हातांत पुठ्ठ्याच्या तलवारी होत्या. पुरणपोळी होती, कटाची आमटी होती, झुणका-भाकर होती. चित्रपट होता २०२५ साली प्रदर्शित झालेला 'छावा'.

आता त्या संध्याकाळचा जमाखर्च मांडतो. पहिला तास छायाचित्रे काढण्यात गेला. दुसऱ्या तासात चित्रपट सुरू झाला, परंतु जेवण त्याच सुमारास वाढले गेल्यामुळे अर्धी मंडळी ताटांकडे पाहत होती. तिसऱ्या तासात मुले आतल्या खोलीत गेली आणि पुरुषांचे बोलणे बदल्या व महागाई भत्ता यांवर आले. शेवट पाहिला तो चौघांनी. त्यावर चर्चा झाली ती एवढीच, की फेटे कोठून मागवले. ज्या राजाच्या मृत्यूची कथा समोर चालली होती, त्याच्याविषयी एकही प्रश्न कोणी विचारला नाही. मग ती संध्याकाळ कशाच्या दर्शनासाठी होती? आपण चित्रपट पाहायला गेलो नव्हतो, एकमेकांना पाहायला गेलो होतो, असेच म्हणावे लागेल.

यावर एक उत्तर मला तेथेच मिळाले. "अहो, आठवडाभर फायली उपसतो. रविवारी घटकाभर मौज केली तर एवढे काय बिघडले?" मौजेने काही बिघडत नाही. परंतु मौजेच्या नावाखाली आपण 'मराठा वैभव' हे शब्द वापरतो आणि मुलांना सांगतो की हीच आपली संस्कृती. तेथे बिघडते. 'थीम' या शब्दाला आपल्याकडे 'विषय' असा साधा शब्द आहे. विषय म्हटला की विचार करावा लागतो. थीम म्हटली की पोशाख भाड्याने आणला म्हणजे झाले. शब्द बदलला तेव्हाच काम किती हलके झाले ते पाहा.

दुसरी गोष्ट भाषेची. 'छावा' हा हिंदी चित्रपट आहे. त्याचा आधार मात्र शिवाजी सावंतांची १९७९ सालची मराठी कादंबरी. स्नेह्यांच्या कपाटात ती कादंबरी होती. फेटा बांधलेल्या एका बारा वर्षांच्या मुलाने ती काढली, उघडली आणि आईला हिंदीत विचारले की हे काय लिहिले आहे. आईने पुस्तक परत कपाटात ठेवले. मराठेपणाचा उत्सव चालू असताना मराठी पुस्तक कपाटात परत जाते, हे दृश्य मला त्या रात्रीच्या कोणत्याही लढाईपेक्षा अधिक लागले. "मुलांना मराठी कळत नाही म्हणून हिंदी चित्रपट लावतो," असे आपण म्हणतो. परंतु घरातल्या बैठकीतही मराठी लावायची नाही, तर ती कळणार कोठून? शाळेत ती नाही, रस्त्यावर नाही, कचेरीत नाही. उरले ते घर. आणि घरात आपण तिला नथ घालून कोपऱ्यात बसवले आहे.

तिसरी गोष्ट सांगताना संकोच वाटतो, तरी सांगतो. त्या संध्याकाळी यजमानीणबाईंनी चित्रपटाचा एकही प्रसंग सलग पाहिला नाही. पोळ्या गरम वाढायच्या होत्या. मी निरोप घेताना सहज विचारले, "वहिनी, चित्रपट कसा वाटला?" त्या म्हणाल्या, "आवाज येत होता ना आत." पुरणावरणाचा थाट आणि नऊवारीचा घोळ सांभाळत एका सुशिक्षित बाईने आपल्याच घरचा खेळ भिंतीआडून ऐकावा, यात वैभव कोणाचे? १९३७ साली प्रभातने 'कुंकू' काढला, तेव्हा शांता आपटे यांनी रंगवलेली नीरा आपल्यावर लादलेला संसार मुकाट्याने मान्य करायला तयार नव्हती. त्या बोलपटाला नव्वद वर्षे होत आली. आपल्या बैठकींची व्यवस्था त्याच्याही मागच्या काळातली आहे.

आता चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ही बैठक पुण्यात किंवा साताऱ्यात झाली असती तर कदाचित मी गप्प बसलो असतो. ती झाली तात्यापाऱ्यात. 'पारा' म्हणजे छत्तीसगढीत वस्ती, आपल्याकडची आळी. आपल्या माणसाचे 'तात्या' हे संबोधन आणि इथल्या मातीतला 'पारा' यांचा एक शब्द झाला, याला शेजार म्हणतात. हा शेजार फुकट जमलेला नाही. १७४१ साली नागपूरकर भोसल्यांचा सेनापती भास्करपंत रतनपुरावर चालून आला, तेव्हा आपण या मुलखात पाहुणे म्हणून आलो नव्हतो. १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसले येथे राहून राज्य करीत होते. त्यांची आठवण इथले लोक पुष्कळशा आदराने काढतात आणि दसऱ्याला सोने देण्याची चाल त्यांनीच पाडली असे सांगतात. परंतु त्यांच्यामागून नागपूरहून सुभेदार नेमले जाऊ लागले. त्यांची नजर रयतेपेक्षा वसुलाकडे अधिक होती, हेही इथल्या इतिहासात लिहिलेले आहे. एकाच घराण्याच्या अमलाच्या या दोन आठवणी आहेत. तात्यापाऱ्यात पुठ्ठ्याच्या तलवारी परजताना निदान एवढे ठाऊक असावे, की समोरच्या घरातल्या मुलाच्या पाठ्यपुस्तकात 'मराठा शासन' हा धडा दुसऱ्या बाजूने वाचला जातो. अभिमान बाळगू नये असे मी म्हणत नाही. अभिमानाला शेजाऱ्याचे म्हणणे ऐकण्याची सवय असावी, एवढेच म्हणतो.

आणि शेजारी त्या संध्याकाळी होता कोठे? दारात होता. खुर्च्या कमी पडल्या म्हणून शेजारच्या छत्तीसगढी कुटुंबाकडून सहा खुर्च्या मागवल्या. त्यांचा मुलगा त्या घेऊन आला, उंबऱ्याशी उभा राहून क्षणभर पडद्याकडे पाहत राहिला, आणि कोणी 'बैस' म्हटले नाही म्हणून परत गेला. त्यात दुष्टावा नव्हता. कोणाच्या ध्यानातच आले नाही. ध्यानात न येणे हाच माझा आक्षेप आहे.

येथे बदलीवर आलेला अधिकारी म्हणेल, "आम्ही तीन वर्षांचे पाहुणे. आम्हाला या खोलात जायचे कारण काय?" मी त्याला आधीच्या पिढीची आठवण करून देतो. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर आणि रायपूर एकाच प्रांतात होती. मराठी व हिंदी या दोन्ही भाषांचा तो प्रांत होता आणि राजधानी नागपूर होती. तेव्हाचे आपले लोकही नोकरीसाठीच येत. परंतु त्यांच्यातल्या काहींनी काय केले ते पाहा. माधवराव सप्रे यांनी १९०० साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढले; वामनराव लाखे त्यांच्या बरोबर होते. सप्र्यांनी 'दासबोध' आणि टिळकांचे 'गीतारहस्य' हिंदीत नेले. घरची मराठी त्यांनी सोडली नाही आणि बाहेरच्या हिंदीला परकी मानले नाही. उलट दिशेचेही उदाहरण आहे. बिलासपुरात १९३६ साली जन्मलेल्या सत्यदेव दुबे यांनी तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' या नाटकावरचा मराठी चित्रपट १९७१ साली दिग्दर्शित केला. छत्तीसगढच्या माणसाने आपल्या भाषेत एवढे काम करून ठेवले. आपल्यापैकी किती जणांनी १९६५ सालच्या 'कहि देबे संदेस' या पहिल्या छत्तीसगढी चित्रपटाचे नाव तरी ऐकले आहे? मनू नायक यांनी अस्पृश्यतेचा आणि जातीपलीकडच्या प्रेमाचा विषय घेऊन तो काढला आणि त्यावरून त्या काळी वादही झाला. महंमद रफींनी त्यात छत्तीसगढीत गायिले. आपल्या शेजाऱ्याला त्याविषयी विचारले तर तो तासभर बोलेल. आपण विचारलेले नाही.

केवळ दोष दाखवून थांबणे हे टीकाकाराला सोपे असते. म्हणून माझी सूचना मांडतो. ती खर्चाची नाही. व्ही. शांताराम यांनी प्रभातमध्ये असताना काही बोलपट मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत काढले. 'कुंकू' हिंदीत 'दुनिया न माने' झाला, १९३९ चा 'माणूस' 'आदमी' झाला आणि १९४१ चा 'शेजारी' 'पडोसी' झाला. शेवटचा घ्या. जिवबा आणि मिर्झा हे एका खेड्यातले जिवलग शेजारी. धरण बांधायला आलेला उद्योगपती त्यांच्यात वितुष्ट पाडतो, आणि अखेर त्या धरणाच्या विध्वंसातच दोघे मित्र एकत्र मरतात. मराठीत केशवराव दाते आणि गजानन जागीरदार यांची जोडी आहे. हिंदीत जागीरदारांच्या जोडीला मजहर खान आहेत. म्हणजे हिंदी बोलपटात हिंदूची भूमिका मुसलमान नटाने केली आहे आणि मुसलमानाची हिंदू नटाने.

माझी सूचना अशी, की एका शनिवारी घरच्या आणि मराठी स्नेह्यांच्या मुलांना 'शेजारी' दाखवावा, मराठीतच आणि खाली हिंदी अक्षरे न लावता. अडेल तेथे थांबवून शब्द सांगावा. पुढच्या शनिवारी शेजारपाजारच्या कुटुंबांना बोलावून 'पडोसी' लावावा. ज्या मुलांना मराठी कथा आधी कळली आहे, ती दुसऱ्या दिवशी आपोआप पाहुण्यांना समजावून सांगू लागतील. भाषा शिकवण्याचा याहून स्वस्त वर्ग मला ठाऊक नाही. तिसऱ्या शनिवारी शेजाऱ्याने निवडलेले काही पाहावे आणि आपण ऐकणाऱ्याच्या जागी बसावे.

बैठकीचे नियमही थोडेच असावेत. खाणे चित्रपटाआधी उरकावे. चिवडा, लाडू आणि चहा पुरे, आणि चहा पुरुषांनी करावा. घरातल्या कोणीही स्वयंपाकघरात असेपर्यंत चित्रपट सुरू होऊ नये. आधी दहा मिनिटे एकाने विषय सांगावा आणि नंतर अर्धा तास सर्वांनी बोलावे, लहानांनी आधी. फेटा बांधायचा असेल त्याने जरूर बांधावा. फेट्याशी माझे वैर नाही.

"यासाठी महाराष्ट्र मंडळ आहे ना?" असा शेवटचा आक्षेप येईल. मंडळ आहे, आणि रायपुरात ते चांगले काम करते. परंतु मंडळ गणपतीत भेटते, नाटकाच्या दिवशी भेटते. घर रोज भेटते. मुलांची भाषा आणि शेजाऱ्याशी असलेला संबंध या दोन्ही गोष्टी सभागृहात ठरत नाहीत, ओसरीवर ठरतात. घरातली जबाबदारी मंडळावर टाकून वर्गणी भरणे म्हणजे पोराला शाळेत घालून आपण वाचन सोडण्यासारखे आहे.

तेव्हा पुढची बैठक ज्यांच्याकडे असेल त्यांना एवढीच विनंती. खुर्च्या याही वेळी कमी पडतील आणि त्या शेजारूनच आणाव्या लागतील. त्या आणायला मुलाला पाठवू नका, स्वतः जा. आणि खुर्च्या मागाल त्याच वेळी त्यांवर बसायला त्यांनाही बोलवा.