पाहुण्याचा धर्म

'कोकणात आता पूर्वीचे अगत्य उरले नाही,' असे विधान हल्ली सुशिक्षितांच्या बैठकीत मोठ्या ठसक्याने केले जाते. परवा दिवेआगरहून परतताना वाट वाकडी करून आमच्या लोधिवलीस आलेल्या एका स्नेह्यांनी हेच गाऱ्हाणे गायिले. ज्या घरी ते उतरले होते, तेथील बाईंनी रात्री अकरा वाजता पुन्हा चूल पेटविण्यास नकार दिला आणि वाढीव ताटांचे पैसे मोजून घेतले, एवढाच काय तो अपराध! तैत्तिरीय उपनिषदातील अतिथीविषयीचे वचन त्यांनी आम्हांस ऐकविले. त्यांच्या तक्रारीचा परामर्श घेणे प्राप्त आहे.

ते वचन अध्ययन संपवून निघालेल्या शिष्यास गुरूने सांगितले आहे. यजमानाने स्वतःस घालून घ्यावयाचा तो नियम होय. पाहुण्याने वटवावयाची हुंडी नव्हे. ग्रीकांचेही तेच. त्यांच्या भाषेत परका आणि पाहुणा या दोहोंस 'झेनॉस' हा एकच शब्द, आणि अतिथींचा कैवारी प्रत्यक्ष झ्यूस. तथापि यजमान परदेशी असता इथाका बेटावरील त्याच्या घरात तळ ठोकून त्याच्या अन्नावर ताव मारणाऱ्यांची होमरने 'ओडिसी'त काय गत केली, हे आमच्या पदवीधरांनी वाचलेले असते. स्मरत मात्र नाही. त्याच ग्रीसने २०२५ च्या जुलैपासून सान्तोरिनी व मिकोनोस बेटांवर उतरणाऱ्या प्रवासी जहाजांतील उतारूंवर ऐन हंगामात दरडोई २० युरोंची पट्टी बसविली. पाहुणचारासही सीमा असते, ती अशी.

आता दिवेआगर पाहा. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळाने श्रीवर्धन तालुक्यातील नारळी-पोफळीच्या वाड्या काही तासांत आडव्या केल्या. पोफळीचे रोप फळास यावयास सहा-सात वर्षे लागतात. तोवर कित्येक घरांना दोन खोल्या आणि घरची चूल एवढाच आधार. अशा घरी राहून रास्त मोल देण्यात कोणासही कमीपणा नाही. आणि गंमत अशी की, त्याच बाईंनी न मागता दोनदा सोलकढी वाढली व निघताना मुलांच्या हाती शहाळी दिली, हे आमचे स्नेही ओघात बोलून गेले! पैसे दिलेल्या ताटांचा हिशेब त्यांना मुखोद्गत होता. फुकट मिळालेल्या शहाळ्यांचा नव्हता.

उलट पाहुण्यांनी काय दिले? पुळणीवर मोटारी घातल्या, सुरूच्या बनात बाटल्या फोडल्या. ज्या किनारपट्टीवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालावयास येतात, तेथे चाकांखाली काय चिरडते, याची चौकशीही केली नाही. दक्षिणेस वेळासच्या ग्रामस्थांनी हीच कासवे राखली आणि ती पाहावयास येणाऱ्यांस आपल्या घरी उतरविले. तेथे पाहुण्यांस नियम पाळावे लागतात; त्यामुळे अगत्य उणावल्याचे कोणी म्हणत नाही.

आमचे म्हणणे इतकेच की, ठरलेले मोल द्यावे, अवेळी चूल पेटवावयास सांगू नये आणि आपला कचरा आपण परत न्यावा. एवढे करूनही अगत्य न लाभल्यास आमच्या स्नेह्यांनी पुनश्च लोधिवलीस येऊन खुशाल तक्रार करावी. चहा आम्ही देऊच.