चिठ्ठीआधी अर्ज



डीपी जळाली, चारीला पाणी आले नाही, सातबारावर नाव चुकले, शेताच्या रस्त्यावर कुणी बांध घातला, की आपल्याकडे पहिला शब्द निघतो तो ‘आमदारांना फोन लावा’. ऊस विकासाच्या कामासाठी गावोगाव फिरणे होते, आणि उसाच्या निम्म्या अडचणी कारखान्याच्या नसून कचेरीच्या असतात हे रोज दिसते. पाणीच वेळेवर मिळाले नाही तर बेणे, खताचा हप्ता, माती परीक्षण हे आम्ही सांगितलेले सगळे वाया. म्हणून विषय माझ्या खात्याबाहेरचा असला तरी लिहितो आहे.

माझे म्हणणे सरळ आहे. आमदारांकडे जरूर जावे. तो आपला हक्क आहे आणि ते त्यांचे काम आहे. पण रिकाम्या हाताने जाऊ नये. रिकाम्या हाताने म्हणजे हार-नारळाशिवाय असे नव्हे. हार-नारळ नसला तरी चालतो. संबंधित कार्यालयात आपण स्वतः दिलेला अर्ज, त्यावर आवक नंबर, तारीख आणि शिक्का, एवढे हातात असल्याशिवाय जाऊ नये.

कारण काय होते ते पाहा. संपर्क कार्यालयात आपण दोन तास बसतो, चहा होतो, स्वीय सहायक पत्र टाईप करून देतात. पत्रात शेवटी असते, ‘अर्जदाराच्या मागणीवर नियमानुसार योग्य ती कार्यवाही व्हावी.’ आपण पत्राला घडी घालून खिशात ठेवतो आणि काम झाले समजून घरी येतो. ते पत्र कार्यालयात गेले की तिथला कारकून ‘नियमानुसार’ या शब्दावर बोट ठेवतो आणि विचारतो, मूळ अर्ज कुठे आहे? मूळ अर्जच नसतो. मग पत्राला उत्तर जाते, ‘अर्जदारास कागदपत्रे सादर करण्यास कळविले आहे.’ त्यांच्या दृष्टीने प्रकरण निकाली, आपल्या दृष्टीने सुरूही झालेले नाही.

जळीत उसाचे उदाहरण सांगतो. नाव-गाव सांगत नाही, कारण कुणाला नावे ठेवायची नाहीत. लोंबकळणाऱ्या तारा एकमेकींवर घासल्या, ठिणगी पडली आणि तोडणीला आलेला ऊस पेटला. जळालेला ऊस उभा ठेवला तर वजन आणि उतारा दोन्ही घसरतात, म्हणून अशा उसाला तोड लवकर द्यावी लागते. तशी दिली. तीन दिवसांत रान मोकळे झाले. त्याच तीन दिवसांत आमचे सभासद पुढाऱ्यांच्या मागे फिरत होते, आणि खरोखर त्यांनी तीन मोठ्या माणसांची पत्रे मिळवली. पण तलाठ्याचा पंचनामा नव्हता, पोलीस ठाण्यात खबर नव्हती आणि विद्युत निरीक्षकांना कुणी कळवलेच नव्हते. विजेच्या अपघाताची चौकशी वीज कायदा 2003 च्या कलम 161 प्रमाणे विद्युत निरीक्षकांच्या मार्फत होते, आणि भरपाईची मागणी टिकते ती त्या अहवालावर. रान मोकळे झाल्यावर निरीक्षक येऊन पाहणार काय? नुसती राख आणि कुठे कुठे पाचट.

त्याच हंगामात दुसऱ्या एका सभासदाचा ऊस असाच जळाला. त्यांच्या मुलाने आग विझल्या विझल्या तारांचे, खांबाचे आणि प्लॉटचे फोटो काढले, वीज कार्यालयात लेखी तक्रार देऊन पोच घेतली, तलाठ्याला बांधावर आणले, निरीक्षकांच्या कार्यालयात अर्ज दिला, आणि मग संध्याकाळी आमदारांना फोन केला. त्या फोनचा उपयोग झाला. निरीक्षक तोडणी सुरू होण्याआधी येऊन गेले. भरपाई उशिरा मिळाली, पण मिळाली. फोन दोघांनीही केला होता. एकाच्या फोनला धरायला कागद होता.

डीपीचेही तसेच. ग्रामीण भागात रोहित्र नादुरुस्त झाले तर 48 तासांत पुरवठा सुरू करण्याचे बंधन वीज नियामक आयोगाने घातलेले आहे. आपण काय करतो? वर्गणी काढतो, टेम्पो ठरवतो, डीपी आपणच वाहून नेतो, आणि आठ दिवसांनी आमदारांकडे तक्रार करतो की कुणी लक्ष देत नाही. 48 तास मोजायचे ते तक्रार नोंदवल्यापासून. तक्रार नंबरच घेतला नसेल तर घड्याळ लावणार कुठून? नंबर असेल तर पुढे ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाचे दार उघडे राहते, तिथे कुणाची चिठ्ठी लागत नाही.

अशी दारे आपल्या कायद्याने बरीच ठेवली आहेत, फक्त आपण ती ठोठावत नाही. राज्याच्या 2005 च्या विलंब प्रतिबंध कायद्याप्रमाणे कोणत्याही कर्मचाऱ्याने फाईल साधारणपणे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त अडवून ठेवायची नाही. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यात अधिसूचित सेवेची मुदत ठरलेली आहे. मुदत टळली तर अपील आहे आणि दोषी अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड आहे. सातबारावरची लेखनाची चूक असेल तर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 155 खाली तहसीलदारांकडे अर्ज चालतो. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कचेरीत लोकशाही दिन असतो. इंग्लंडात 1967 पासून सरकारी कारभाराविरुद्ध तक्रार ऐकणारा अधिकारी आहे, पण त्याच्याकडे जायचे तर खासदारामार्फतच जावे लागते. आपल्याकडे 1971 च्या कायद्याने लोकायुक्त आले, आणि तिथे शेतकरी स्वतःच्या सहीने थेट जाऊ शकतो. म्हणजे या बाबतीत आपण साहेबाच्या देशापेक्षा पुढे, आणि तरी आपल्याला मधला माणूस हवाच असतो.

मग आमदार कशासाठी? जिथे एकट्याचा अर्ज पुरत नाही तिथे. आपल्या भागात त्याचे सर्वांत मोठे ठिकाण म्हणजे कालवा सल्लागार समिती. पावसाळा संपला की धरणातला साठा पाहून रब्बीची आणि उन्हाळ्याची आवर्तने ठरवायला ही समिती बसते. मंत्री अध्यक्ष असतात, लाभक्षेत्रातले आमदार सदस्य असतात. इथे आमदारांच्या शब्दाला खरे वजन आहे. पण हेडचे आमदार आणि टेलचे आमदार दोघेही तिथेच बसलेले असतात. पालखेडचा डावा कालवा दिंडोरीत उगम पावतो, निफाडातून जातो आणि येवल्याकडे पोचतो. प्रत्येकाला आपल्या मतदारांचे पाणी हवे. अशा वेळी कार्यकारी अभियंता टेबलावर मागणीचा आकडा ठेवतात. तो आकडा येतो आपल्या सात नंबरच्या अर्जांवरून. उसाचा उभा प्लॉट आहे, पाणी दरवर्षी घेतो, पण सात नंबरचा अर्ज भरलेला नाही, असे सभासद प्रत्येक गटात निघतात. पाणीपट्टी मागे लागेल ही भीती. मग आमदार बैठकीत कितीही तळमळीने बोलले तरी कागदावर त्या गावात ऊस नसतोच! टेलच्या गावांचे नुकसान यात सर्वांत जास्त होते, कारण हेडवाल्याला अर्ज न भरताही पाणी दारावरून जाताना दिसते.

आणि काही गोष्टी आमदारांच्याही हातात नसतात, हेही समजून घ्यावे. नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीसाठी पाणी सोडण्याला आपल्या जिल्ह्यात जवळजवळ सर्वच पक्षांच्या पुढाऱ्यांनी विरोध केला. तरी 2015, 2018 आणि 2023 साली पाणी सुटले, कारण समन्यायी वाटपाची तरतूद 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात आहे. तो विषय चिठ्ठीने सुटणारा नाही. तो विधिमंडळात आणि न्यायालयात आकडे घेऊन मांडण्याचा आहे. आपल्या प्रतिनिधीकडून मागायचे ते हे काम. आपण मात्र त्यांना साखरपुड्याला आणि दशक्रियेला बोलावतो, आणि ते आले नाहीत तर रागावतो.

ओझरचे उदाहरण जुने असले तरी इथे सांगण्यासारखे आहे. वाघाड धरणाच्या कालव्याच्या शेपटाला असलेल्या या गावांना पाणी धड पोचत नव्हते. बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी समाज परिवर्तन केंद्राच्या मार्फत शेतकऱ्यांना एकत्र केले. 1990 नंतरच्या त्या वर्षांत तिथे तीन पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या. खात्याकडून पाणी मोजून घ्यायचे आणि आपसात आपणच वाटायचे. पुढे सगळ्या वाघाड प्रकल्पावर संस्था झाल्या. 2005 साली विधिमंडळाने सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन हा कायदा केला, तेव्हा असे चालते का याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात तयार होते. एकेका शेतकऱ्याने एकेक चिठ्ठी आणून हे झाले नसते.

दुसरे उदाहरण अलीकडचे, आणि ते उसाचे नाही, पण आपल्या शेजारच्या डोंगरी तालुक्यांतले आहे. 6 मार्च 2018 रोजी नाशिकहून किसान सभेचा मोर्चा निघाला आणि सुमारे 180 किलोमीटर चालून 12 मार्चला मुंबईत पोचला. मुख्य मागण्यांत एक होती 2006 च्या वनहक्क कायद्याखालचे दावे निकाली काढण्याची. त्या वेळचे कळवणचे आमदार जिवा पांडू गावित लोकांबरोबर होते. सरकारने सहा महिन्यांत दावे निकाली काढण्याचे लेखी आश्वासन दिले. तरी फेब्रुवारी 2019 मध्ये लोक पुन्हा निघाले, आणि मार्च 2023 मध्ये दिंडोरीहून तिसऱ्यांदा निघून वाशिंदपर्यंत गेले. पक्ष कोणता हे बाजूला ठेवा. आमदार सोबत असून, मंत्र्यांची सही असूनही इतके चालावे लागले, कारण दावा शेवटी ग्रामसभा, उपविभाग आणि जिल्हा अशा तीन पायऱ्यांवर एकेक कागद पाहून ठरतो. मोर्चाने सरकार जागेवरून हलते. आपला दावा हलायला आपली फाईल पूर्ण लागते.

लोकप्रतिनिधींबद्दलही दोन शब्द, लहान तोंडी मोठा घास होईल तरी. मोबाईलचा स्पीकर लावून पन्नास लोकांसमोर अधिकाऱ्याला झापणे आणि त्याचा व्हिडिओ गावोगाव फिरवणे याने टाळ्या मिळतात, चारीला पाणी येत नाही. अधिकाऱ्याची बदली होते, फाईल तिथेच राहते. त्यापेक्षा संपर्क कार्यालयात एक नोंदवही ठेवावी, आलेल्या माणसाला आधी आवक नंबर विचारावा, आणि एकाच प्रकारच्या वीस तक्रारी जमल्या की त्यांचा एक तारांकित प्रश्न करावा. सभागृहात मंत्र्यांनी दिलेले आश्वासन नोंदले जाते, आणि ते पाळले की नाही हे पाहायला विधिमंडळाची आश्वासन समिती असते. असे करणारे आमदार पूर्वीही होते आणि आजही आहेत.

‘आपण त्यांना मत दिले नाही, कोणत्या तोंडाने जायचे?’ हाही प्रश्न सभासद हळूच विचारतात, विशेषतः कारखान्याच्या निवडणुकीत विरुद्ध पॅनेलला असलेले. ज्या तोंडाने पाणीपट्टी भरता त्याच तोंडाने जायचे. मतदारसंघात राहणारा प्रत्येक माणूस त्यांचा मतदार आहे. उलट, जवळचा प्रतिनिधी नसला की काय होते हे आपण पाहिले आहे. मार्च 2022 मध्ये नाशिक जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि प्रशासक आले. त्यानंतर पाझर तलावाच्या गळतीसाठी, गावरस्त्याच्या मोरीसाठी गटाचा सदस्य म्हणून धरायला माणूस उरला नाही, आणि ती लहान लहान कामेही आमदारांच्या दारात जाऊन पडली.

आता कामाचे. कालवा समितीच्या बैठकीआधी ज्यांचा ऊस लाभक्षेत्रात उभा आहे त्यांनी सात नंबरचा अर्ज भरून त्याची पोच असलेली झेरॉक्स आपापल्या गट ऑफिसला द्यावी. खोडवा असला तरी द्यावी. पुष्कळांना वाटते अर्ज फक्त लागणीचा असतो. आम्ही गावनिहाय आणि चारीनिहाय यादी करू. आपल्या नोंदीतले उसाचे क्षेत्र आणि अर्जातले क्षेत्र शेजारी शेजारी मांडले की कुठल्या गावाची मागणी कमी गेली आहे ते दिसेल. ती यादी घेऊन आमदारसाहेबांकडे जायला प्रत्येक गावातून दोन सभासद लागतील. त्यांतला एक टेलचा असावा.

— ऊस विकास अधिकारी