गाडीत आठ स्पीकर, पण आवाज येतोय कुठून?

मागच्या आठवड्यात मामेभावाचा फोन आला. नवी गाडी बुक करायची होती आणि पठ्ठ्या टॉप व्हेरियंटवर अडला होता. कारण काय, तर "दादा, त्यात आठ स्पीकर आहेत, खालच्यात चारच." किमतीतला फरक लाखाच्या वर, आणि तो सगळा हप्त्यात जाणार.

दोष त्याचा नाही. सध्या शोरूममध्ये सनरूफच्या खालोखाल स्पीकरचा आकडाच मिरवला जातो. क्रेटाच्या वरच्या व्हेरियंटमध्ये बोसचे ८, एक्सयूव्ही ७०० मध्ये सोनीचे १२ होते, बीई ६ मध्ये हरमन कार्डनचे १६ आणि वर डॉल्बी ॲटमॉस. नावांचीही एक गंमत आहे. जेबीएल आणि हरमन कार्डन दोन्ही हरमनचेच, आणि हरमन २०१७ पासून सॅमसंगची. २०२५ मध्ये हरमनने बॉवर्स अँड विल्किन्स, डेनॉन, मरांट्झ हे ब्रँडही घेतले. तेव्हा जाळीवरचं नाव बघून लगेच भारावून जाऊ नका.

आता तो ४ आणि ८ चा हिशोब. खालच्या व्हेरियंटमध्ये बहुतेक वेळा कोअ‍ॅक्सियल स्पीकर असतो, म्हणजे वूफरच्या मधोमधच छोटा ट्वीटर. तो मोजला जातो एक. वरच्या व्हेरियंटमध्ये ट्वीटर वेगळा काढून वर बसवला की झाले दोन. चार दारं, आठ स्पीकर! पैसे मोजायचेच असतील तर ते या 'वर बसवण्याचे' मोजा, कारण ट्वीटरचा आवाज सरळ रेषेत जातो. तो दाराच्या तळाशी असेल तर गाणं तुमच्या गुडघ्यांना ऐकू येतं.

आपण बसतो उजवीकडे. उजव्या दाराचा स्पीकर डावीकडच्यापेक्षा साधारण अर्धा मीटर जवळ असतो. आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो, म्हणजे डावा आवाज जवळपास दीड मिलिसेकंद उशिरा पोचतो. तेवढ्यावरून मेंदू ठरवतो की गायक उजव्या दारातच बसलाय. चांगल्या सिस्टिममधला प्रोसेसर जवळच्या स्पीकरला तेवढंच थांबवतो. याला टाइम अलाइनमेंट म्हणतात. हे काम बाहेरच्या बऱ्याच हेड युनिटमध्येही होतं, फक्त सेटिंग कोणी उघडत नाही.

मी स्वतः पहिल्या गाडीत उलटं केलं होतं. मागच्या पार्सल ट्रेवर दोन मोठे ओव्हल स्पीकर ठोकले. दणका भारी, पण गाणं कायम मानेच्या मागे. एकदा करकचून ब्रेक मारला तेव्हा ट्रेसकट एक पुढे आला. मागे कोणी बसलेलं नव्हतं म्हणून बरं.

म्हणून भावाला सांगितलं, खालचं व्हेरियंट घेतलंस तर आधी फक्त पुढची जोडी बदल. कंपोनंट सेट घे, ट्वीटर डॅशबोर्डच्या कोपऱ्यात किंवा आरशामागच्या तिकोनी जागेत लाव. काचेलगतच्या खांबात कर्टन एअरबॅग असेल तर तिथे हात लावायचा नाही, दुकानदार कितीही म्हणू दे. दाराच्या पत्र्याला आतून डॅम्पिंग शीट लाव, नाहीतर महागडा स्पीकरही डब्यासारखा वाजतो. वायर कापू द्यायची नाही, कपलर माग. वॉरंटीचा वाद तिथूनच सुरू होतो.

आणि खोक्यावरचे वॉट? '५० गुणिले ४' लिहिलेलं हेड युनिट गाडीच्या जेमतेम १४ व्होल्टवर चॅनेलमागे साधारण २० वॉट स्वच्छ देतं. त्यामुळे अँप नसेल तर सेन्सिटिव्हिटी बघा. तीन डेसिबल जास्त असेल तर तेवढ्याच आवाजाला निम्मीच पॉवर लागते.

परवा त्याने शोरूममध्ये दोन्ही गाड्यांत एकच गाणं लावून पाहिलं, आधी उभ्या गाडीत, मग रस्त्यावर. टॉपचा आवाज चांगला होता, हे त्याने मान्य केलं. तरी बुक खालचंच केलंय. गाडी आली की पहिल्या रविवारी डॅम्पिंग शीट घेऊन माझ्याकडे येतोय.